दोन पिशव्यांची माती

नमुन्यांचे नंबर मी बदलले. शिपायाच्या हातून अदलाबदल झाली नाही, ओलीनं शाई फिसकटली नाही. नोंदवहीत दोन नंबरांवर मी स्वतः रेघ मारली, एकाकडून दुसऱ्याकडं बाण काढला, बाजूला बारीक सही केली आणि चहा प्यायला खाली उतरलो. पुढं जे झालं ते सगळं त्या बाणापासून सुरू झालं. दोन वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही.

शहरातल्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत मी नोकरी करतो. क्रांती चौकातून स्कूटरवर रोज जातो-येतो, पण गाव सुटलेलं नाही. दौलताबादच्या पलीकडं, वाहनांची रांग लागते तो किल्ल्याचा दरवाजा ओलांडून थोडं आत गेलं की आमचं गाव लागतं. घरची जमीन बरीच आहे. ती थोरला भाऊ करतो. त्याला मी दादा म्हणतो. आमच्या रानाच्या वरच्या अंगाला गायरानाचा दोन एकरांचा तुकडा आहे. एके काळी तिथं आमची गुरं चरायची. मी शाळेत असताना तो तुकडा बौद्ध वस्तीतल्या एका कुटुंबाला सरकारी पट्ट्यानं मिळाला. त्या दिवशी आमच्या घरी कुणी धड जेवलं नाही, इतका राग होता. वडील म्हणाले होते, "दगड खाऊन जगा म्हणावं आता."

दगडच होते तिथं. वर चार बोटं माती, खाली पांढरा मुरूम. नवरा लवकर वारला आणि ते रान एकट्या बाईच्या अंगावर आलं. तिनं दगड वेचून उताराला आडव्या ताली घातल्या, म्हणजे पावसानं माती वाहून जाऊ नये. उन्हाळ्यात तळं आटलं की तळातला गाळ टोपलीनं डोक्यावरून आणायची. रस्त्याकडेच्या लिंबाखालचा पाला झाडून न्यायची. धनगरांचे कळप उतरले की मुक्कामाला आपल्या रानात मेंढ्या बसवून घ्यायची, लेंड्या-मुताचं खत होतं म्हणून. आणि सकाळी आमच्या दारात यायची. गोठ्यातला झाडलेला कचरा, चुलीची राख, तुरीचा भुसा, जे आम्ही उकिरड्यावर फेकणार होतो ते मागायला. ते द्यायचं काम माझ्याकडं होतं. ती टोपली खाली ठेवून दोन पावलं मागं सरायची आणि मी वरून ओतायचो, हात टोपलीला लागू नये अशा बेतानं. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. मला ते कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी थांबवलंही नाही.

मग मी कृषी महाविद्यालयात गेलो, नोकरीला लागलो आणि मातीचा माणूस झालो.

तीन वर्षांमागं आमच्या गावातले नमुने घ्यायचं काम माझ्याकडं आलं. नमुना घ्यायची रीत ठरलेली आहे. रानात नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणी वीतभर खड्डा करायचा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खुरप्यानं तासून घमेल्यात घ्यायची. सगळी कालवून ढीग करायचा, त्याचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. असं करत करत अर्धा किलो उरली की कापडी पिशवीत भरायची. एक चिठ्ठी आत, एक बाहेर.

दादाच्या खालच्या रानात, पेरूची नवी बाग होती तिथं, मी स्वतः खड्डे केले. झाडं पिवळी पडली होती. दादानं बैल केव्हाच विकले होते. शेणखत बंद झालं होतं, कपाशीच्या पऱ्हाट्या दरसाल रानातच पेटवायचा आणि युरियाच्या गोणीवर गोण्या रिकाम्या करायचा. माती राखाडी आणि ढेकळाची होती. हे मी पाहिलं. पण काळं रान, बापजाद्यांचं रान, अशी त्याची ओळख डोक्यात इतकी पक्की होती की डोळ्यांनी पाहिलेलं आत पोहोचलं नाही.

वरच्या रानात मी पाऊलही टाकलं नाही. बांधावर उभा राहून फोनवर बोलत होतो. तिला म्हणालो, "तूच काढून आण, आठ ठिकाणची." ती माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आणि मी तिला "तू" म्हणत होतो. तिनं आपल्या खुरप्यानं काढली, रीत सांगितली तशी चार भाग करून आणली. मी फोन खांद्यानं कानाशी धरून पिशवीचं तोंड उघडलं आणि तिनं वरून ओतली, हात न लावता. मी आत पाहिलं नाही. दोन्ही पिशव्यांच्या चिठ्ठ्या मी नंतर बांधावर बसून लिहिल्या. हीच ती पळवाट, जी मला पुढं कामाला आली.

प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब मोजायची पद्धत अशी. मातीत केशरी द्रावण टाकायचं, वर जळजळीत आम्ल, मग अर्धा तास ठेवायचं. कुजलेला पाला, शेण, मुळं यांचा कर्ब मातीत जेवढा असेल तेवढा केशरी रंग हिरव्याकडं झुकतो. मातीत जीव किती आहे ते साधारण यावरून कळतं. दादाच्या मातीचं पात्र केशरीच राहिलं. तिच्या मातीचं हिरवं झालं.

मी हसलो. एकटाच होतो तरी मोठ्यानं हसलो. गायरानाचा मुरूम, आणि आमच्या काळ्या रानापेक्षा सरस? मग स्वतःला शास्त्रीय कारणं सांगितली. मुरमाड जमीन कर्ब धरत नाही. चिठ्ठ्या मागाहून लिहिल्या होत्या, म्हणजे माझ्याकडूनच उलट्या लागल्या असणार. उरलेली माती दोन्ही पिशव्यांत मागच्या फळीवर होती. उठून पिशवी उघडायला एक मिनिट लागलं असतं. मी उठलो नाही. कारण मला शंका नव्हतीच. त्या हिरव्या रंगावर माझा विश्वास बसत नव्हता, कारण ती माती कुणाची आहे हे मला माहीत होतं. मी बाण काढला.

त्या थंडीत मृदा दिनाला ग्रामपंचायतीच्या आवारात माती परीक्षणाच्या निकालाच्या पत्रिका वाटायचा कार्यक्रम ठेवला. मांडव, माइक, हार. सरपंच म्हणाले, "सायेब आपल्याच गावचे हायेत. निस्ते कागद वाटू नका, वाचून दावा. कुनाच्या रानात काय हाये ते गावाला कळू द्या."

माइक हातात आला की माणूस कसा होतो ते मी स्वतःवरून सांगतो. एका काकांना म्हणालो, "तुमच्या रानात स्फुरद एवढा साठलाय, दोन वर्षं डीएपी खताच्या दुकानाकडं फिरकू नका."

मागून कुणीतरी ओरडलं, "मंग दुकानदाराच्या पोरीचं लगीन कसं व्हायचं?"

लोक हसले, मला हुरूप आला. दादाचं नाव आलं. कर्ब, जास्त. टाळ्या पडल्या. दादानं माझ्याकडं क्षणभर रोखून पाहिलं, मग मिशीवर हात फिरवला.

तिची पत्रिका मी शेवटी ठेवली होती, मुद्दाम. "आता सगळ्यात खालचा नंबर," मी म्हणालो. "अत्यंत कमी. ही माती नव्हे, भुकटी आहे. मेलेला पेशंट दवाखान्यात आणावा तसा हा नमुना."

"गायरानच ते! दगडाला कर्ब कुठून यायचा?" गर्दीतून आवाज आला.

ती मागच्या बाजूला, बायकांच्याही मागं बसली होती. उठून उभी राहिली. "सायेब, मपली माती मेली न्हाई. मूठभर उकरली तरी गांडूळ निघतं. चला आत्ता, दावते. हाकंच्या अंतरावर हाये."

मी माइकवर म्हणालो, "म्हातारे, गांडुळं मोजून प्रयोगशाळा चालली असती, तर पगार मला कशाला मिळाला असता? कोंबडीला मिळाला असता."

एवढा हशा मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. ती उभीच होती. तिचा तिशीचा मुलगा वाळूजला कंपनीत कामाला होता, त्या दिवशी रजा काढून आला होता. आईच्या रानात ठिबक टाकून अद्रक लावायचं त्याच्या मनात होतं. नमुना दे म्हणून त्यानंच तिला सांगितलं होतं. तो मान खाली घालून पुढं आला, पत्रिका घेतली आणि तिच्या दंडाला धरून म्हणाला, "बस आता आई. कागदावर लिवलंय."

उन्हाळ्यात ती लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली. दादानं नेमका तो मोका साधला. मुलाला गाठून म्हणाला, तुझ्या रानाचा वरचा थर मेलेला आहे, सायबाचा कागद आहे तुझ्यापाशी. माझा जेसीबी लावून फुकट काढून देतो, वर तळ्याचा गाळ टाकून देतो, मग लाव अद्रक. मुलगा हो म्हणाला. दीड दिवसात सगळं झालं. तिनं तीस वर्षांत केलेली माती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून खाली आमच्या बागेत आली. वर गाळ कधीच पडला नाही.

मला हे कळलं पावसाळ्यात. रविवारी गावी गेलो होतो. पेरूच्या झाडांची आळी काळ्या मातीनं भरलेली, झाडं हिरवीगार. मी वाकून मूठ भरली. माती दाबली की गोळा होत होती आणि बोटानं टिचकी मारली की सुटत होती. पुस्तकात चांगली माती अशीच लिहिलेली असते.

"दादा, ही माती कुठली?"

"वळखली न्हाई व्हय? तूच तर ती मेली म्हनून दाखला दिला."

मला उलगडायला वेळ लागला. "म्हणजे चिठ्ठ्या बरोबर होत्या? तुला कधी कळलं?"

"कधी म्हंजे? तू माइकवर वाचीत व्हतास तव्हाच. चाळीस वर्षं हात घालतोय या रानात. पऱ्हाट्या जाळून जाळून त्याची राख झालीय, मला ठावं न्हाई का? म्या म्हनलं, भाऊ शेवटी घराच्या कामाला आला. आईला बी सांगितलं तसं."

"दादा, मला खरंच वाटलं होतं की..."

"आसू दे, आसू दे. साळसूदपना मला दावू नको." आणि मग हसत हसत त्यानं पुढचं सांगितलं. "म्हातारी बाळंतपनावरून आली ना, तशी हितं येऊन बसली. ह्याच आळ्यापाशी. मूठ भरून वास घेत व्हती. म्या म्हनलं, काय गं, चोरी करतीस का? तशी उठली. मूठ झटकून गेली बरं का. इमानदार हाये!"

मी हसलो नाही. हातातली माती तिथंच टाकली, हात धुतले आणि जेवायला बसलो. आईनं माझ्या भातावर दोनदा तूप वाढलं. थंडीत दादानं पेरूची दोन खोकी पाठवली. मी ती कार्यालयात वाटली. सगळे म्हणाले, गोड आहेत. गोड होतेच.

मार्चमध्ये आमच्या शिपायानं मागची फळी आवरायला घेतली. "सायब, ये पुराने थैले फेंक दूँ क्या? चूहे घुस रहे." मी सगळ्या टाकायला लावल्या आणि दोन ठेवून घेतल्या. त्या मी उघडल्या, जे आधीच करायला हवं होतं. एकीत राखाडी खडे. दुसरीतली माती कोरडी पडूनही काळीच होती. तिच्यात लिंबाच्या पानाची एक शीर होती, मेंढीची एक लेंडी होती आणि तुरीच्या भुशाची काडी. ती काडी कदाचित माझ्याच हातून तिच्या टोपलीत पडलेल्या भुशाची नसेल, इतकी वर्षं काडी टिकत नाही. पण ती पाहून मी केशरी द्रावणाची बाटली काढली. पुन्हा परीक्षण केलं. एक पात्र केशरी, एक हिरवं. दुरुस्त पत्रिका लिहिली, सही केली आणि खणात ठेवून दिली. खणाला कुलूप लावलं.

मे महिन्यात तिचा मुलगा खिडकीवर आला. त्याच्या हातात मातीची पिशवी होती. आत एक चिठ्ठी, बाहेर एक, सुवाच्य अक्षर.

"जय भीम सायेब. वळखलं का? समदं रीतसर क्येलंय, आठ जागची हाये, चार भाग करून. मेलेला थर काढून टाकला आता. नवी माती वर आली. कर्ब वाढला आसंल ना?"

मी पिशवी घेतली. माझ्या हातात मुरमाची पांढरी भुकटी लागली.

तो सांगत राहिला. "आई न्हाई म्हनते. म्हनते, मपली माती चोरली. दिवसभर त्या उघड्या रानात बसून ऱ्हाते. म्या म्हनलं, सायबाकडून कागद आनतो, कागद बघून तरी तिला पटंल."

त्याला दुपारी यायला सांगून मी परीक्षण केलं. केशरी द्रावण जसं ओतलं तसंच राहिलं. पत्रिकेवर लिहिलं, अत्यंत कमी. दुपारी त्यानं प्लास्टिकच्या पाकिटातून जुनी पत्रिका काढली आणि दोन्ही खिडकीच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींवर तेच शब्द.

"मंग काहीच फरक न्हाई पडला?"

"नाही," मी म्हणालो.

"म्हंजे पह्यलीची माती बी आशीच व्हती. मेलेलीच."

दुरुस्त पत्रिका माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, खणात होती. किल्ली खिशात होती.

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं सायेब," तो म्हणाला. "आईचं आयकत बसलो आसतो तर आजून चार वर्षं मातीत गेली आसती." आणि त्यानं मला हात जोडले.

त्यानं आणून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या विकल्या आणि वाळूजला खोली घेतली. आईला बरोबर चल म्हणाला, ती रान सोडेना. मग त्यानं बोलणं टाकलं. भावकीत सांगत सुटला, आई चळली, तिचं मनावर घेऊ नका. हे मला दादानंच फोनवर सांगितलं. वर म्हणाला, "आता म्हातारी एकली किती दिवस टिकते बघू. पडीक रान आपल्याच बांधाला हाये." दादाला आता माती पुरत नव्हती. तो तुकडाच हवा होता. तिचा मुलगा परत आला नाही तर तो तुकडा दादाला मिळणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तरी पावसाळा मी तसाच जाऊ दिला. दिवाळीनंतर एका रविवारी पत्रिका खिशात घालून वरच्या रानात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या बांधाच्या आत पाय ठेवला. सगळीकडं पांढरा मुरूम, पावसानं घळी पाडलेला. ताली जेसीबीनं उखडल्या होत्या. ती एका कोपऱ्यात दगडावर दगड बसवत होती. तिच्या मागं एक तुकडा काळसर दिसत होता, अंथरलेल्या गोधडीएवढा. पाला, शेण, गाळ टाकून तिनं परत सुरुवात केली होती.

मी पत्रिका पुढं केली. "माझी चूक झाली. पिशव्यांच्या चिठ्ठ्या..."

"ठावं हाये," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"कधीपासून?"

"तू माइकवर वाचीत व्हतास तव्हापासून. आता सायेब म्हननार न्हाई तुला. पिशवी मपल्या हातानं भरली व्हती. तू फोनवर व्हतास."

"मग तेव्हाच सांगायचं होतं."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "सांगितलं की. चला, दावते म्हनलं. तू कोंबडीचं काढलंस."

मी म्हणालो, "मी माफी मागायला आलोय."

"हितं? हितं कोन हाये आयकायला? ही बांधावरची ढोरं?" तिनं दगड ठेवला. "मला तुपली माफी नगं. मपला ल्येक म्हनतो, आई येडी झाली. त्याला वाटतं, तीस वर्षं म्या मेलेल्या मातीत हात घातला आन त्याला बी त्याच्यात घालीत व्हते. जितं हसवलंस तितं सांग. त्याच माइकवर. आन त्याला बोलावून आनायचं काम बी तुपलंच."

"गावासमोर? दादा, आई..."

"मंग जा. पेरू खा."

ती परत दगडाकडं वळली. तिनं पुन्हा मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात सगळं लिहून दिलं. चौकशी लागली, ती अजून चालू आहे. मग दोन्ही पिशव्या घेऊन वाळूजला गेलो. कंपनीच्या फाटकाबाहेर तिचा मुलगा पाळी सुरू व्हायची वाट बघत चहा पीत होता. मी पिशव्या उघडून दाखवल्या आणि सांगितलं. मला वाटलं, तो मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं काळ्या मातीत दोन बोटं घातली आणि एवढंच विचारलं, "त्या दिशी खिडकीवर म्या इच्यारलं, तव्हा तुमाला म्हाईत व्हतं?"

"हो."

"आन म्या हात जोडले तुमाला."

ग्रामसभा कधी आहे ते मी सांगितलं. तो ग्लास ठेवून आत गेला. येणार की नाही ते कळलं नाही.

ग्रामसभेच्या सकाळी घरी गेलो तर दादा ओट्यावरच बसला होता. बातमी त्याच्यापर्यंत पोहोचली होती. "माफी मागायची तर घरी बोलावून माग," तो म्हणाला. "च्या पाज, लुगडं दे. चारचौघांत घराची लाज कामून उघडी करतो?"

"तिची माती चारचौघांतच मेली म्हटलं होतं, दादा."

"माती उचलली म्या. तू कामून मरतो?"

वहिनीनं पाणी दिलं नाही. आई आतून म्हणाली, "तिच्यापुढं वाकनार व्हय तू?" मी "हो" म्हणालो तशी तिनं भिंतीकडं तोंड केलं. आज वर्ष होत आलं, ती माझ्याशी बोलत नाही.

आवारात माणसं नेहमीपेक्षा जास्त होती. तमाशा बघायला आलेलीही होती. ती मागं बसली होती, बायकांच्याही मागं, आधी बसली होती त्याच जागी. दादा पुढच्या खुर्चीत. तिचा मुलगा फाटकापाशी उभा होता, हातात हेल्मेट, आत येत नव्हता. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि दोन्ही पिशव्या शेजारी शेजारी ओतल्या. एक राखाडी ढीग, एक काळा. पुढची माणसं उठून वाकून बघायला लागली. हातानं बघितल्यावर कुणाला पत्रिका वाचून दाखवायची गरज पडली नाही.

"मंग सायेब, आता पगार कोंबडीला द्यायचा का?" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. त्या दिवशी हसले होते तेवढेच.

हसू थांबेपर्यंत मी थांबलो. माइक हातात गरम झाला होता. दादा उठला आणि खुर्ची पायानं सारून निघून गेला. फाटकात तिच्या मुलाच्या अंगावरून गेला. मुलगा तिथंच राहिला. मी तिच्याकडं बघून बोललो.

"मावशी, दोन वर्षांमागं या जागेवरून मी खोटं वाचलं. ही राख आमच्या रानातली आहे आणि ही काळी माती तुमची. ती मेलेली नव्हती. ती तुम्ही केली होती, आणि तुमची आमच्यापेक्षा चांगली असेल हे माझ्या मनाला पटलं नाही, म्हणून मी कागद फिरवला. त्या कागदावर माझ्या घरानं तुमची माती उचलून नेली. मला कळलं तेव्हा मी गप्प बसलो. तुमच्या लेकानं मला तोंडावर विचारलं, तेव्हा सगळं माहीत असून मी त्याला तुमची माती मेलेलीच होती असं सांगितलं. तुम्ही वेड्या नाही. तुम्ही त्या दिवशी उभ्या राहून खरं बोललात आणि मी लोकांना तुमच्यावर हसवलं. मावशी, मी तुमची माफी मागतो."